पेट्रोल सांध्यातून गळतं

माझ्या मामाचा एक सिद्धांत आहे. पद्मिनीला पेट्रोलचा वास यायचाच. नाही आला तर टाकी रिकामी आहे असं समजावं. १९८७ मध्ये गाडी घरात आली तेव्हापासून त्याने हा सिद्धांत सांभाळलाय आणि गेल्या पावसाळ्यापर्यंत तो बरोबरही होता.

बरोबर होता, कारण गाडीत कार्ब्युरेटर होता. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची एक छोटी वाटी असते आणि ती बाहेरच्या हवेला उघडी असते. गाडी पळवून आणून उभी केली की तापलेल्या इंजिनावरच्या त्या वाटीतलं पेट्रोल उडतं आणि बॉनेटभोवती वास रेंगाळतो. त्यात बिघाड काही नाही. एका अख्ख्या पिढीचं नाक या वासावर पोसलेलं आहे. त्यांना तो लहानपणीच्या सुट्टीसारखा वाटतो.

गेल्या पावसाळ्यात त्या गाडीत कार्ब्युरेटर उरला नव्हता. वास मात्र होता.

*

गाडी शिवाजी पार्कला केळुसकर रोडवर मामाच्या इमारतीच्या आवारात उभी असते. बरीच वर्षं ती ताडपत्रीखाली होती. वरच्या झाडावरचे कावळे आणि खालची मांजरं एवढेच तिचे प्रवासी. मामा रविवारी सकाळी ती दहा मिनिटं चालू करायचा, मग पार्काला एक चक्कर मारायला जायचा. गाडीने नाही, पायी.

पद्मिनीचं मुंबईशी नातं वेगळं सांगायला नको. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये उभी केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स, तिचा कुर्ल्याचा कारखाना, तिथे बनणारी फियाट ११०० आणि तीच पुढे झालेली पद्मिनी. इंजिन १०८९ सीसीचं, ताकद चाळीसएक हॉर्सपॉवर. २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षं पूर्ण करून ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली. त्या आठवड्यात सगळ्यांच्या स्टेटसला काळी-पिवळी होती. माझ्या मामेभावाच्या, म्हणजे दादाच्या डोक्यात त्याच आठवड्यात किडा वळवळला.

त्याला गाडी नुसती ‘रिस्टोअर’ करायची नव्हती, पळवायची होती. थंडीत एका धावपट्टीवर ड्रॅग रेस होतात, तिथे त्याला पद्मिनी उतरवायची होती. दीड वर्ष, बरेच पैसे आणि वहिनीचा बराच संयम खर्च करून त्याने त्यात जिप्सीचं १.३ लिटरचं, सोळा व्हॉल्व्हचं इंजिन बसवून घेतलं. जिप्सीच का, तर ते इंजिन लांबीत बसतं आणि मागची चाकं फिरवायला सोयीचं पडतं. ताकद ऐंशी हॉर्सपॉवर, म्हणजे मूळच्या दुप्पट. काम मामाच्या तीस वर्षांच्या ओळखीतल्या मेकॅनिकने केलं. २००५ च्या २६ जुलैला गाडी सीटपर्यंत पाण्यात होती, तेव्हा तिला त्यानेच पुन्हा उभं केलं होतं. घरात त्याचा शब्द डॉक्टरांच्या शब्दासारखा चालतो.

गाडी आली ती जुलैत. निळा रंग, आत मूळची बेंच सीट, आवाज असा की समोरच्या इमारतीतले आजोबा गॅलरीत आले. मामाने जाहीर केलं, “यंदा गणपतीला कोकणात हिच्यातूनच जायचं.” मामा, मामी, दादा, वहिनी आणि मागच्या सीटवर मध्ये बसायचा हट्ट धरून बसलेली माझी सहा वर्षांची पुतणी.

मी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हटलं, “मामा, पेट्रोलचा वास येतोय.”

मामा हसला. “अगं, पद्मिनी आहे ती.”

*

इथे थोडं यंत्राबद्दल बोलावं लागेल. कंटाळू नका, पुढचं सगळं यावर उभं आहे.

जुन्या पद्मिनीत इंजिनावर एक छोटा यांत्रिक पंप असतो. तो मागच्या टाकीतून पेट्रोल ओढतो आणि कार्ब्युरेटरला देतो. त्याचा दाब जेमतेम तीन-चार पीएसआय. शहाळ्यातून स्ट्रॉने पाणी ओढावं तसा मामला. या दाबाला रबराची साधी नळी आणि वर पेचाने आवळायची पट्टीची क्लिप पुरते. एखादा सांधा सैल असला तरी एक थेंब जमतो, सुकतो, डाग राहतो. गाडी पुढे जाते.

इंजेक्शनच्या इंजिनात विजेचा पंप असतो आणि दाब तीन बार, म्हणजे ४३ पीएसआयच्या आसपास. दहापटीहून जास्त. हा दाब इंजिन चालू असेपर्यंत सतत असतो. इथे सैल सांध्याला थेंब जमत नाही, बारीक फवारा उडतो. आणि पेट्रोलचा फवारा हे पेट्रोलच्या थेंबापेक्षा फार वेगळं प्रकरण आहे. पेट्रोल उणे चाळीस अंशालाही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, ती उडून न जाता खाली साचते. बॉनेटखाली एका बाजूला ही वाफ आणि दुसऱ्या बाजूला कित्येकशे अंशांनी तापलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड.

दुसरी गोष्ट, इंजेक्शनची यंत्रणा टाकीपासून इंजेक्टरपर्यंत बंदिस्त असते. तिच्यात हवेला उघडी वाटी नाही. म्हणून तिच्याजवळ पेट्रोलचा वास आला तर त्याचा साधारण एकच अर्थ निघतो.

मामाचं ज्ञान चुकीचं नव्हतं. ते आधीच्या आवृत्तीचं होतं. माझ्या कामात हे रोज दिसतं. मी एका कंपनीत पेमेंटच्या यंत्रणेवर काम करते. तिथे सगळ्यात मोठे गोंधळ नव्या कोडमुळे होत नाहीत आणि जुन्या कोडमुळेही नाहीत. नवं कोड जुन्या कोडबद्दल काहीतरी गृहीत धरतं आणि जुन्याला ते ठाऊक नसतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर. फाटतं ते शिवणीत.

*

दादाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “तू कोड लिही ना बाई.”

यात मला राग येण्यासारखं काही नव्हतं, असं म्हणायला आवडलं असतं. पण आला. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांतली दोन मी कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंटच्या टीममध्ये घालवली आहेत. विद्यार्थ्यांनी स्वतः एक छोटी रेसिंग कार बनवायची आणि कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेवर न्यायची, असा तो प्रकार. टीममध्ये मुली दोन. माझ्याकडे टाकी, पंप, नळ्या, सांधे, म्हणजे कोणालाच नको असलेलं खातं आलं होतं. सगळ्यांना सस्पेन्शन हवं असतं. फोटो त्याचे छान येतात.

त्या खात्याने मला एक गोष्ट शिकवली, ती म्हणजे तपासून घेण्याची पद्धत. तिथे ‘बघितलं, ठीक आहे’ याला किंमत नसते. गाडीत द्रव भरून, आत टीममधला सगळ्यात उंच ड्रायव्हर बसवून, ती एका फळीवर साठ अंशांत तिरकी करतात. कुठूनही एक थेंब पडला तर गाडी ट्रॅकवर जात नाही. इंजेक्शनच्या नळीवर पट्टीला खाचा पाडलेली, पेचाने आवळायची क्लिप दिसली की परीक्षक पुढचं बघतच नाहीत. त्या खाचांच्या कडा रबरात रुततात आणि आवळ सगळीकडे सारखा बसत नाही. तिथे हवी असते ती नट-बोल्टने पूर्ण गोल आवळली जाणारी, कडा बाहेर वळवलेली क्लिप. दिसायला फरक एवढासा. बाजारात किमतीतही फार नाही.

हे मी दादाला सांगितलं नाही. मी मामाला म्हटलं, “मला एक रविवार दे. काही नाही निघालं तर कोकणात तुझ्या शेजारी पुढे मी बसते.”

मामाने होकार दिला. मामी म्हणाली, “बघू दे तिला. वास मलाही येतो. मला कोणी विचारत नाही.”

*

रविवारी सकाळी पाऊस थांबला होता. काम उघड्यावर, गार इंजिनावर, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून. हे तीनही नियम मोडता येण्यासारखे नाहीत. तळघरातल्या पार्किंगमध्ये असलं काही करू नका. जड वाफ तिथेच जमिनीलगत बसून राहते.

नळी उघडण्याआधी तिच्यातला दाब उतरवायचा असतो. पंपाचा फ्यूज काढायचा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यायचं. ते मी आदल्या रात्री केलं होतं.

मग टॉर्च आणि टिश्यूपेपर. पहिला सांधा इंजिनाजवळचा. तिथे टेफलॉनची पांढरी टेप बाहेर डोकावत होती. टेप बघून बहुतेकांना बरं वाटतं: वा, सीलबंद केलंय! पण तो सांधा आट्यांवर सील होणारा नव्हताच. अशा सांध्यात नळीचं तोंड शंकूसारखं पसरवलेलं असतं आणि ते समोरच्या शंकूवर धातूला धातू टेकून घट्ट बसतं. आटे फक्त आवळायचं काम करतात. तिथे टेप लावून गळती थांबत नाही. उलट टेपचे धागे सुटून आत जातात आणि इंजेक्टरच्या केसासारख्या भोकात अडकतात.

मग टेप का लावली असेल? कारण सांधा गळत होता. आणि गळत का होता, ते टेप काढल्यावर कळलं. एका बाजूचा शंकू ३७ अंशांचा होता आणि दुसऱ्या बाजूचा ४५ अंशांचा.

३७ अंश हे माप मूळचं विमानांचं. अमेरिकेच्या आर्मी आणि नेव्हीने ठरवलेलं, म्हणून त्या फिटिंगला ‘एएन’ म्हणतात. रेसिंगवाल्यांनी ते उचललं. पुढचा आकडा नळीचं माप सांगतो, एका इंचाच्या सोळाव्या भागांत: एएन सहा म्हणजे सहा सोळांश इंच, अर्थात एका सेंटिमीटरपेक्षा जरा कमी. ४५ अंश हे माप साध्या गाड्यांच्या, फ्रिजच्या पितळी फिटिंगमध्ये असतं. आता खरी गंमत: काही मापांत दोन्हींचे आटे अगदी सारखे असतात. नट फिरतो, बसतो, आवळला जातो. हाताला सगळं बरोबर लागतं. पण आत दोन शंकू एका बारीक रेषेवर टेकलेले असतात, पृष्ठभागावर नाही. गार असताना ती रेषा धरते. इंजिन तापलं, धातू प्रसरण पावला, हादरे बसले, की सोडते. म्हणूनच वास गाडी फिरून आल्यावर येत होता, सकाळी नाही.

दुसरी जागा डिकीत. पंपाच्या तोंडावर साधी रबरी नळी आणि तीच पट्टीची क्लिप. नळी बोटाने दाबली तर नको तितकी मऊ लागली, टोकाला फुगलेली. आपल्या पंपांवर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. २०३० साठी ठरवलेलं हे लक्ष्य सरकारने २०२५ वर आणलं होतं. जुन्या पद्धतीचं रबर इथेनॉलमध्ये फुगतं, मऊ पडतं, मग सुकून तडकतं. इंजेक्शनसाठी वेगळ्या दर्जाची नळी येते, तिच्यावर ‘आर-९’ असं छापलेलं असतं. आणि तीसुद्धा टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडवून ठेवायला चालत नाही, तिथे ‘आर-१०’ लागते. नळीवरची अक्षरं वाचायला दहा सेकंद लागतात. आमच्या नळीवर एकही अक्षर नव्हतं.

तिसरी जागा डिकीच्या तळाशी. पत्र्याला ड्रिलने भोक पाडून नळी खाली उतरवली होती, भोकाला रबरी बूच नव्हतं. पत्र्याच्या धारेने नळीचं वरचं आवरण एका बाजूने कापत आणलं होतं. कोकणापर्यंतच्या रस्त्याची अवस्था तुम्हाला माहीत आहे. पेण, माणगाव, महाड... प्रत्येक खड्ड्याला ती धार करवतीसारखी फिरली असती.

दादा तोवर खाली वाकून बघायला आला होता. तो काही बोलला नाही. मामा खुर्ची घेऊन बसला होता, पेपर उघडा, पान तेच.

*

२४ ऑगस्ट २००१ ला एअर ट्रान्सॅटचं एक एअरबस ए-३३० विमान टोरांटोहून लिस्बनला निघालं होतं. ३०६ माणसं. अटलांटिकच्या मध्यावर उजव्या इंजिनाजवळ इंधनाची नळी फाटली आणि इंधन समुद्रात वाहून गेलं. दोन्ही इंजिनं बंद पडली. वैमानिकांनी ते अजस्र धूड एकोणीस मिनिटं नुसतं तरंगवत अझोर्स बेटांवरच्या लाजेस विमानतळावर उतरवलं. सगळे वाचले.

वैमानिकांची ही गोष्ट सांगितली जाते आणि सांगावीच. मला त्याआधीची गोष्ट जास्त खिळवून ठेवते. काही दिवसांपूर्वी त्या विमानाचं उजवं इंजिन बदललं होतं. बदली आलेलं इंजिन थोड्या जुन्या रचनेचं होतं. त्याची हायड्रॉलिकची नळी एका आवृत्तीची आणि शेजारची इंधनाची नळी दुसऱ्या आवृत्तीची, अशी जोडी बसली. दोन्ही भाग चांगलेच होते. पण एकत्र बसवल्यावर दोघांच्या मध्ये पुरेशी जागा राहिली नाही. एक नळी दुसरीवर घासत राहिली.

एवढ्या मोठ्या यंत्रणेत, एवढ्या कागदपत्रांनिशी हे होऊ शकतं, तर आवारातल्या पद्मिनीबद्दल ‘आपला माणूस आहे’ हे पुरेसं कसं होईल?

*

पण मामासाठी प्रश्न नळीचा नव्हता. संध्याकाळी तो म्हणाला, “म्हणजे तीस वर्षं त्या माणसाला काही येत नव्हतं, असं म्हणायचंय का तुला?”

मी म्हटलं, “नाही. तीस वर्षं त्याने जे केलं ते तीन पीएसआयला बरोबर होतं. हे त्रेचाळीसला लागतं, हे त्याला कोणी सांगितलंच नाही.”

“आणि तुला सांगितलं?”

“हो. मला परीक्षेत नापास करणारे लोक होते.”

हे बोलताना मला जाणवलं की सगळा फरक इथेच आहे. मी हुशार आणि तो अडाणी असं काही नाही. त्याचा हात माझ्यापेक्षा हजारपट बसलेला आहे. पण कोणीतरी तिऱ्हाइताने त्याच्या कामाखाली फळी लावून ते साठ अंशांत तिरकं करावं, अशी वेळ त्याच्यावर कधी आलीच नाही.

आणि येणार कशी? मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमानुसार गाडी निर्मात्याने दिलेल्या तपशिलापासून वेगळी करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच पुन्हा ठामपणे सांगितलं. कायद्यामागची काळजी खरी आहे. पण कायदा असतानाही गाड्या बदलल्या जातात, हेही खरं आहे. आणि ज्या गाडीने रस्त्यावर असूच नये, तिला तपासायला कोण येणार? अधिकृत वर्कशॉप हात लावत नाही. मालक कोणाला दाखवत नाही. विम्याचा अर्ज भरताना आवाज खाली जातो. गाडी जितकी जास्त बदललेली, तितके तिच्याकडे बघणारे डोळे कमी.

मामा बँकेतून निवृत्त झालाय. कर्जाच्या फायलींत त्याचं आयुष्य गेलं. तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “म्हणजे रस्त्यात काही झालं, तर विमा कंपनी मला विचारेल, इंजिन कुठलं?”

“विचारेल.”

“आणि मी काय सांगेन?”

याला दादाकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं.

*

एक गोष्ट मी शेवटी तपासायची ठेवली होती, कारण ती माझ्या प्रांतातली होती.

इंजेक्शनच्या मूळ गाडीत किल्ली फिरवली की पंप एक-दोन सेकंद चालतो, दाब भरतो आणि थांबतो. इंजिन फिरतंय असा सिग्नल मिळाला तरच पुन्हा चालू होतो. इंजिन बंद पडलं की कंट्रोल युनिट पंप बंद करतं. हे एका वाक्याचं लॉजिक आहे: इंजिन फिरत नसेल तर पेट्रोल नको. त्याचं महत्त्व अपघातात कळतं. गाडी आदळली, नळी तुटली, इंजिन बंद पडलं, तर पंपही गप्प झाला पाहिजे.

मी बॅटरी जोडली, टाकीकडची नळी नीट बंद करून घेतली, फ्यूज लावला आणि दादाला म्हटलं, “किल्ली फिरव, स्टार्ट करू नकोस. आणि मोज.”

डिकीतून पंपाची घरघर सुरू झाली. दोन सेकंद. पाच. दहा. पंप थांबलाच नाही. तो थेट इग्निशनच्या वायरला जोडला होता. मी किल्ली बंद करायला सांगितली.

असा पंप ताशी शंभरएक लिटर पेट्रोल ढकलू शकतो. म्हणजे मिनिटाला दीड लिटरहून जास्त. दादाने हिशेब मनात केला असावा. त्याने किल्ली काढली, हातात धरून उभा राहिला आणि मागच्या सीटकडे बघितलं. तिथे पुतणीची गुलाबी पाण्याची बाटली आडवी पडली होती.

“कोकणात ट्रेनने जाऊ,” तो म्हणाला. मामाच्या आधी तो म्हणाला, याचं मला बरं वाटलं.

पुतणी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

*

गणपतीनंतर काम सुरू झालं. सामान नागदेवी स्ट्रीटवरून. ज्यांनी ती गल्ली बघितली नाही त्यांनी एकदा बघावी. फूटभर रुंद गाळ्यांत जगातली प्रत्येक फिटिंग मिळते, फक्त तुम्हाला नक्की काय हवंय ते माहीत पाहिजे. नाहीतर ‘बसेल, बसेल’ म्हणत ४५ अंशांची घेऊन तुम्ही घरी येता. दादाने कोनमापक नेला होता. दुकानदाराने आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे बघितलं आणि मग आतून वेगळा डबा काढला.

आणि काम केलं त्याच मेकॅनिकने. ही मामाची अट होती, आणि ती बरोबर होती. मी त्याला एका कागदावर मराठीत यादी लिहून दिली. तो पहिल्यांदा ताणलेला होता. मग दोन्ही शंकू एकमेकांवर धरून उजेडात दाखवले, तेव्हा मधली फट बघून तो स्वतःशीच म्हणाला, “अच्छा, हे आहे होय.” त्यानंतर मला काही समजवावं लागलं नाही. उलट त्यानेच दाखवून दिलं की इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं, म्हणून इंजिन आणि बॉडीच्या मधल्या नळीला थोडी ढील हवी. मी काढलेला मार्ग जास्त ताणलेला होता, तो त्याने वळवून घेतला.

यादी इथे देते. कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

गंजलेली जुनी लोखंडी नळी पूर्ण बदला. अर्धी जुनी, अर्धी नवी नको. सांधे जितके कमी तितके बरे. प्रत्येक सांधा म्हणजे गळायची एक जागा. शंकूला शंकू जुळतो का ते आटे फिरवण्याआधी बघा. शंकूच्या सांध्याला टेप नाही. नळीवरची अक्षरं वाचा. पत्र्यातून नळी जाईल तिथे रबरी बूच, आणि दर फूट-दीड फुटाला क्लिपने बांधणी. वर स्टीलची जाळी असलेली नळी दिसायला भारी असते, पण ती ज्याला घासेल त्याला कानशीसारखी खाते. तिला मोकळं लोंबू देऊ नका. एक्झॉस्टपासून लांब. प्रत्येक सांधा आवळल्यावर नटापासून फिटिंगपर्यंत रंगाची एक रेघ ओढा; रेघ तुटली की नट सरकला. पंप रिलेवरून, इंजिनाच्या सिग्नलवर. सोबत धक्क्याने तुटणारा इनर्शिया स्विच. त्यात चुंबकावर ठेवलेली एक छोटी गोळी असते, जोराचा धक्का बसला की ती सुटते आणि पंपाची वीज तोडते. आधी इंजिन चालू न करता पंपाने दाब भरून तपासा, मग इंजिन गरम करून, मग ते पुन्हा गार झाल्यावर. प्रत्येक वेळी टिश्यूपेपर. आणि ड्रायव्हरच्या हाताशी पावडरचा अग्निशामक, डिकीत नाही.

या यादीत काहीच अवघड नाही. अवघड एवढंच की यातलं काहीही वगळलं, तरी गाडी चालू होते. त्या दिवशी आणि बहुधा पुढचे कित्येक दिवस.

*

जानेवारीत गाडी ट्रकच्या पाठीवर चढवून धावपट्टीवर नेली. मामाने हट्टाने ट्रकवाल्याशेजारी बसून प्रवास केला. तिथल्या तपासनिसाने बॉनेटखाली टॉर्च फिरवला, रंगाच्या रेघा बघितल्या, पंपाचं विचारलं. दादाने किल्ली फिरवून दाखवली: दोन सेकंद घरघर, मग शांत. तपासनीस मान हलवून पुढच्या गाडीकडे गेला. सगळं मिळून चार-पाच मिनिटं. मामाला ते फार कमी वाटलं. त्याला अजून काहीतरी विचारायला हवं होतं.

४०२ मीटरच्या पहिल्या फेरीत शेजारच्या लेनमधल्या डिझेल पोलोने आम्हाला अशी धूळ चारली की दादा गाडी परत आणताना स्वतःच हसत होता. तरी पद्मिनीभोवती गर्दी पोलोपेक्षा जास्त होती. वीस-बावीस वर्षांची पोरं बॉनेटमध्ये डोकी घालून फोटो काढत होती. त्यातल्या एकाने विचारलं, “काका, किती टाकलं हिच्यात?”

मामाने त्याला उत्तर दिलं नाही. तो गुडघ्यावर बसून, चष्मा कपाळावर सारून, गरम सांध्याखाली टिश्यूपेपर फिरवत होता. मग तो कागद उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बघितला आणि त्या मुलाच्या हातात दिला.

“हे आधी बघ,” मामा म्हणाला. “कोरडा आहे ना? मग सांगतो.”